लावलेली सूचना आणि पोहोचलेली सूचना

हिवाळी परीक्षेचे अर्ज भरायची मुदत संपली, की आपल्याकडे एक वाद ठरल्या वेळी सुरू होतो. अर्ज राहिलेली मुलं हातात फायली घेऊन परीक्षा विभागाच्या पायऱ्यांवर बसलेली असतात, विद्यार्थी संघटना निवेदनं देतात, घोषणा होतात. मग एक बाजू म्हणते, ही पिढी बेफिकीर आहे. महिनाभर झोपायचं आणि शेवटच्या दिवशी रडायचं. एकदा वर्ष बुडू द्या, म्हणजे कळेल. दुसरी बाजू म्हणते, खेड्यापाड्यातली गरीब मुलं आहेत, चार दिवस मुदत वाढवली तर आभाळ कोसळणार आहे का? आठवडाभर असं चालतं. मुदत कधी वाढते, कधी वाढत नाही. आणि उन्हाळी परीक्षेच्या वेळी हेच सगळं त्याच शब्दांत पुन्हा होतं.

हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा मांडला जातोय, असं मला फार वर्षांपासून वाटत आलं आहे. शिस्त हवी की दया, यावर भांडण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो कुणीच विचारत नाही. जी तारीख चुकली म्हणून दंड होतोय, ती तारीख त्या मुलापर्यंत वेळेत पोहोचली होती का? आणि ती पोहोचल्याचं दाखवून देणं कुणाचं काम? माझं उत्तर सरळ आहे. ज्यानं तारीख ठरवली, त्याचं. सूचना पोहोचवायचं काम अर्धवट सोडून विलंब शुल्क घेणं हा अन्याय आहे. नंतर मुदत वाढवून तो अन्याय झाकणं हा दुसरा अन्याय, आणि तो वेळेत आलेल्या मुलांवर होतो.

हे मी बाहेरून बोलत नाही. नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवताना आठ वर्षं परीक्षेचं काम माझ्याकडे होतं. आमचा सूचना फलक कार्यालयालगतच्या बोळात होता. लाकडी चौकट, सरकत्या काचा, आत हिरवं कापड. काचेला कुलूप आणि त्याची किल्ली एकाच शिपायाकडे. तो रजेवर असला की नवी सूचना काचेवर बाहेरून चिकटवली जायची आणि आतली आधीची सूचना तिच्यामागे झाकली जायची. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. काटोलच्या पलीकडच्या गावाची, एसटीनं जाणं-येणं करणारी. तिचा अर्ज राहिला होता. विलंब शुल्क भरा, असं बाबूंनी तिला सांगितलं होतं आणि तेवढे पैसे तिच्याजवळ नव्हते. आम्ही सगळेच जे सांगतो तेच मी तिला सांगितलं, "अगं, फलकावर लावलं होतं ना." तिनं विचारलं, "सर, फलक कोणत्या दिवशी पाहायचा?"

त्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच ते जाणून घ्यायचं होतं. ती गेल्यावर मी आवक नोंदवही काढली. परिपत्रकावरची तारीख सोमवारची. आमच्याकडे आवक गुरुवारी. प्राचार्यांचा शेरा शुक्रवारी, आणि फलकावर कागद चढला तो शुक्रवारी दुपारी चारनंतर, तेव्हा तिची बस निघून गेलेली होती. शनिवारी अर्धा दिवस, रविवार सुट्टी, आणि नियमित शुल्काची शेवटची तारीख मंगळवार. कागदावर नऊ दिवस होते. प्रत्यक्षात उरले कामाचे अडीच, आणि त्यातले सोमवार-मंगळवार तिनं घरच्या कापसाच्या पहिल्या वेचणीत घालवले होते. विलंब शुल्काची रक्कम तिच्या आईच्या तीन दिवसांच्या वेचणीच्या मजुरीएवढी होती. तिनं ती भरली. कुठून आणली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

या मुलीला बेफिकीर म्हणायचं का? म्हणायचं असेल तर कशाच्या आधारावर? ती ज्या दिवशी आली त्या दिवशी फलकावर काही नव्हतं. ज्या दिवशी फलकावर आलं त्या दिवशी ती आली नाही. परिपत्रक निघण्याची तारीख, महाविद्यालयात येण्याची तारीख आणि मुलाच्या डोळ्यांसमोर येण्याची तारीख, या तीन वेगवेगळ्या तारखा आहेत आणि आपण मुदत मोजतो ती पहिलीपासून. नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात आज चार जिल्हे आहेत: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले, तरी सालेकसा-देवरीपासून आर्वी-आष्टीपर्यंतचा पसारा लहान नाही. पूर्वी परिपत्रक टपालानं जायचं, आता ई-मेलनं मिनिटात पोहोचतं हे खरं. पण ते पोहोचतं महाविद्यालयाच्या संगणकात. तिथून मुलापर्यंतचं अंतर फारसं कमी झालेलं नाही. त्यात भर म्हणजे विद्यापीठाची तारीख वेगळी आणि महाविद्यालयाची वेगळी. अर्ज तपासून पुढे पाठवायला वेळ हवा म्हणून महाविद्यालय आपली तारीख दोन-चार दिवस अलीकडे घेतं. मुलाला एक मित्र एक तारीख सांगतो, दुसरा दुसरी, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

सूचनेच्या भाषेवर तर स्वतंत्र लेख लिहिता येईल. "उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की, संदर्भीय अधिसूचनेतील परिच्छेद तीनमध्ये अंशतः बदल करण्यात येत असून..." अशा वळणाच्या किती सूचना मी स्वतःच्या हातानं फलकावर लावल्या असतील. शेवटची तारीख सातव्या-आठव्या ओळीत. ती कोणत्या वर्षाला, कोणत्या सत्राला, नियमित मुलांना की मागचे विषय राहिलेल्या बॅकलॉगवाल्यांना, हे समजायला मागची अधिसूचना शोधायची. आणि तळाशी न चुकता एक वाक्य: मुदतीत अर्ज न भरल्यास सर्वस्वी जबाबदारी विद्यार्थ्याची राहील. 'सर्व संबंधित' म्हणजे नेमके कोण? ज्याच्यावर सर्वस्वी जबाबदारी टाकायची, त्याला त्याच कागदावर नावानं हाक मारायला काय हरकत आहे? "बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनो" असं लिहिलं तर कोणता नियम मोडतो?

आता विरोधी बाजूचं म्हणणं. त्यातलं बरंच खरं आहे आणि टेबलाच्या त्या बाजूला बसून मी ते सोसलंही आहे. परीक्षा ही मोजणीवर उभी असते. किती मुलं बसणार हे कळल्याशिवाय केंद्रं ठरत नाहीत, आसन क्रमांक पडत नाहीत, प्रश्नपत्रिका किती छापायच्या हे कळत नाही. एखाद्या विषयाला तीनच मुलं असली तरी त्यांच्यासाठी प्रश्नपत्रिका काढणारा, ती तपासून घेणारा आणि उत्तरपत्रिका पाहणारा लागतो. मुदतीनंतर आलेले वीस अर्ज म्हणजे परीक्षा विभागातल्या दोन माणसांच्या चार रात्री. मंजूर जागा रिकाम्या आणि काम वाढतं, अशा अवस्थेत हे लोक राबतात. त्यांच्यावर आवाज चढवणाऱ्यांनी एकदा तिथं बसून पाहावं. खरोखर निष्काळजी मुलंही असतात, हेही मी नाकारणार नाही. फलकासमोरून रोज जाणारी, वर्गात तीनदा सांगितलेलं कानाआड करणारी. आणि बाहेरचं जग थांबत नाही, हा मुद्दाही बिनतोड आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची मुदत टळली की टळली. मग विद्यापीठानंच मुलांना लाडावून का ठेवावं?

पण शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करू. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पुढच्या वर्षीच्या परीक्षांचं अंदाजित वेळापत्रक आधी जाहीर करतो. संघ लोकसेवा आयोग तर वर्षाचं कॅलेंडरच काढतो. अधिसूचना कधी निघणार, अर्जाची शेवटची तारीख कोणती, परीक्षा कधी, सगळं त्यात. म्हणून तिथली कठोरता कुणाला जाचक वाटत नाही. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला विचारा, तो पुढच्या वर्षीचा महिना सांगेल. त्याच मुलाला त्याच्या एम.ए.च्या अर्जाची तारीख विचारा. मूल एकच आहे, फरक तारीख सांगणाऱ्यात आहे. आधी स्पष्टपणा आणि मग कठोरता, हा क्रम आयोग पाळतात. आपण स्पष्टपणा गाळून फक्त कठोरता उचलतो आणि तिला शिस्त म्हणतो.

"कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, तशी तारीख माहीत नव्हती हीही चालणार नाही," असं एक अधिकारी मला म्हणाले होते. युक्तिवाद भारदस्त आहे, पण अर्धा आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग एका नागपूरकर न्यायमूर्तींनीच लिहून ठेवला आहे. व्हिव्हियन बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि तिथून १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी त्यांच्यासमोर हरला विरुद्ध राजस्थान राज्य हा खटला आला. जयपूर संस्थानात महाराज अल्पवयीन असताना मंत्रिमंडळानं डिसेंबर १९२३ मध्ये ठराव करून अफूविषयीचा एक कायदा मंजूर केला. पण तो राजपत्रात छापलाच नाही, दुसऱ्या कोणत्या मार्गानंही लोकांना कळवला नाही. पुढे त्याच कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला ५० रुपये दंड झाला. न्यायमूर्ती बोस यांनी तो रद्द केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लोकांना जिथं प्रवेश नाही अशा बंद दालनात झालेला निर्णय, कुणाला न कळवता, लोकांवर लादता येत नाही. कायदा माहीत असायलाच हवा असं म्हणायचं, तर आधी तो माहीत होईल अशी सोय करायला हवी, आणि हे नैसर्गिक न्यायाचं मागणं आहे. दंड फक्त ५० रुपयांचा होता. तरी देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला ही बाब क्षुल्लक वाटली नाही. हे बोस म्हणजे सर बिपीन कृष्ण बोस यांचे नातू, आणि सर बिपीन कृष्ण हे ऑगस्ट १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. जयपूरचा तो न छापलेला कायदा आणि आपलं विद्यापीठ एकाच वर्षी जन्मले, हा योगायोग मला विसरता येत नाही.

कुणी म्हणेल, फलकावर सूचना लावणं ही काही बंद दालनातली गोष्ट नाही, ती उघड्यावर असते. बरोबर. मग दुसरा निकाल पाहू. भूसंपादनाच्या जुन्या कायद्यात निवाड्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाद मागायची अट होती. जमीन गेलेल्याला निवाडा झाल्याचं कळलंच नाही आणि सहा महिने उलटले तर? १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी याचं उत्तर दिलं: निवाड्याची तारीख म्हणजे अधिकाऱ्यानं कागदावर सही केली ती नव्हे, ज्याच्यावर परिणाम होणार त्याला तो कळवला गेला किंवा कळला, ती. घड्याळ सहीपासून सुरू होत नाही, कळण्यापासून होतं. हेच गजेंद्रगडकर पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुदतीच्या बाबतीत न्यायालयांइतकी कडक जागा दुसरी नाही. पण तिथंही अपिलाचे दिवस मोजताना निकालाची प्रत मिळवण्यात गेलेला काळ मुदतीच्या कायद्यानं वगळला जातो. कागद हातात नसताना माणूस पुढचं पाऊल कसं टाकणार, एवढा साधा विचार त्यामागे आहे. न्यायालयाला जो विचार परवडतो तो विद्यापीठाला का परवडू नये?

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप मोबाइलचा. सामन्याचा स्कोअर यांना क्षणात कळतो, शेवटची तारीखच कशी कळत नाही? पण स्कोअर मुलगा शोधायला जात नाही, तो त्याच्याकडे येतो. विजेचं बिल भरायची तारीख येते, गॅस सिलिंडर निघाल्याचा संदेश येतो, बँकेतून शंभर रुपये निघाले तरी फोन वाजतो. विद्यापीठाकडे प्रत्येक मुलाचा मोबाइल क्रमांक आहे. प्रवेशाच्या अर्जावर तो सक्तीनं भरून घेतलेला असतो. मग तो कशासाठी घेतला? अधिकृत संदेश येत नाही, म्हणून ती जागा व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो भरून काढतात. फोटोचा फोटो, कडा कापलेल्या, जावक क्रमांक गेलेला, कधी मागच्या वर्षीचीच सूचना. मी अशी मुलं पाहिली आहेत जी चुकीच्या तारखेवर पूर्ण विश्वास ठेवून चुकीच्या दिवशी अगदी वेळेवर आली. आणि घरात एकच फोन असतो, तो वडील शेतात घेऊन जातात, हेही वास्तव शहरात बसून विसरता कामा नये.

यावर उपाय काय, हे शोधायला लांब जावं लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमात माहिती आपणहून जाहीर करण्याचं बंधन आहे आणि जाहीर करणं म्हणजे काय हेही सांगितलं आहे: सूचना फलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमं, इंटरनेट. शिवाय हे करताना स्थानिक भाषा आणि त्या भागात माहिती पोहोचवायचा सर्वांत परिणामकारक मार्ग लक्षात घ्यायचा, असंही तिथं लिहिलं आहे. या कलमात फलक आहे, पण तो अनेकांतला एक आहे. आपण त्या यादीतलं सगळ्यात सोपं एक साधन उचलतो आणि कर्तव्य संपलं असं मानतो.

आपल्या जुन्या गावगाड्यातही याची समज होती. कोतवाल दवंडी द्यायचा तेव्हा आधी वाद्य वाजवायचा, माणसं दाराशी आली की मग बोलायचा. तेच चावडीपुढे, तेच पाणवठ्याशी, तेच वस्तीच्या टोकाला. चावडीवर एक कागद डकवून तो घरी गेला असता तर गावानं त्याला काम केलं असं मानलं नसतं. अशोकाच्या कलिंगातल्या स्वतंत्र शिलालेखांत तर अधिकाऱ्यांना सांगितलं आहे की हा आदेश तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवला जावा, मधल्या काळातही ऐकवला जावा, ऐकायला एकटा माणूस असला तरी. दगडावर कोरूनही त्याला पुरेसं वाटलं नव्हतं! आणि आपल्या विद्यापीठाला २००५ पासून ज्यांचं नाव आहे ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. लोक आपल्याकडे येतील आणि ऐकतील, अशी वाट ते पाहत बसले नाहीत.

याहून जवळचं उदाहरण दीक्षाभूमीचं आहे. २३ सप्टेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसिद्धीपत्रक काढून जाहीर केलं की दसऱ्याच्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, सकाळी ९ ते ११ या वेळेत नागपुरात धर्मांतराचा विधी होईल. दिवस, तारीख, वेळ, ठिकाण, सगळं स्पष्ट, आणि तीन आठवडे आधी. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, जे येणार होते त्यातल्या असंख्यांना वाचता येत नव्हतं. तरी लाखो माणसं त्या सकाळी शुभ्र वस्त्रांत तिथं उभी होती, कारण कार्यकर्त्यांनी तो निरोप वस्तीवस्तीत नेला. परीक्षेच्या अर्जाची त्या दिवसाशी तुलना होऊ शकत नाही, हे मला समजतं. माणसं आली ती अंतरीच्या ओढीनं. पण ओढ कितीही असली तरी ती तारीख सांगत नाही. तारीख कुणीतरी घरापर्यंत न्यावी लागते, आणि ज्या शहरानं हे इतक्या मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं त्या शहरात "मुलांपर्यंत पोहोचणं शक्य नाही" हे वाक्य मला ऐकवत नाही.

शिस्तीबद्दल बोलायचंच असेल तर दोन्हीकडच्या शिस्तीबद्दल बोलू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच परीक्षांचं वेळापत्रक जाहीर करायचं आणि ते काटेकोर पाळायचं आहे. परीक्षा संपल्यापासून शक्यतो ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लावायचा आहे. या तारखा चुकल्या तर? तर कारणं देणारा अहवाल वर पाठवायचा, आणि केवळ वेळापत्रक पाळलं गेलं नाही म्हणून परीक्षा अवैध ठरत नाही, असं संरक्षणही कायद्यानं दिलं आहे. हे संरक्षण असायलाच हवं, नाहीतर हजारो मुलांच्या पदव्या लटकतील. पण त्यामागचा विचार पाहा: संस्थेच्या अडचणी समजून घेतल्या जातात. संस्थेचा उशीर समजून घ्यायचा आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या दोन दिवसांच्या उशिराला पावती फाडायची, ही कुठली शिस्त? बरं, हे दोन उशीर एकमेकांत अडकलेलेही असतात. मागच्या सत्राचा किंवा पुनर्मूल्यांकनाचा निकाल हातात नसताना पुढच्या सत्राचे अर्ज सुरू होतात. आपण पास आहोत की नापास हेच माहीत नसलेल्या मुलानं बॅकलॉगचा अर्ज भरायचा की नाही? भरला आणि पास निघाला तर पैसे गेले. नाही भरला आणि नापास निघाला तर विलंब शुल्क.

आता मुदतवाढ मागणाऱ्यांशी बोलतो, कारण त्यांचं मन जागेवर असलं तरी मागणी चुकीची आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा बुटीबोरीच्या एमआयडीसीत रात्रपाळी करायचा. शेवटच्या दिवशी अर्ज भरायला त्यानं खाडा केला, दिवसाची मजुरी सोडली, रांगेत साडेतीन तास उभा राहिला. रात्री सूचना निघाली: मुदत सात दिवसांनी वाढवली. दुसऱ्या दिवशी तो मला भेटला तेव्हा रागावलेला नव्हता, नुसता गप्प होता. पुढच्या सत्राला तो शेवटच्या दिवशी आला नाही. तारीख वाढतेच, असं त्याला आम्हीच शिकवलं होतं, आणि नेमकी त्या वेळी ती वाढली नाही. ज्या बेफिकिरीबद्दल आपण मुलांना बोल लावतो, तिची शाळा आपणच चालवतो. शिवाय मुदतवाढ आवाजावर मिळते. जिथं संघटना आहे, मोर्चा निघतो, पत्रकार येतात, तिथं ती मिळते. एकट्या पडलेल्या मुलीच्या वाट्याला पावतीच येते. आणि मोजणीचा तो खरा मुद्दा आठवा: वाढलेल्या प्रत्येक मुदतीनं ती मोजणी पुन्हा विस्कटते, परीक्षा पुढे जाते, निकाल पुढे जातो, पुढचे अर्ज घाईत सुरू होतात आणि पुन्हा सूचनेला वेळ उरत नाही. परीक्षा विभागाची अडचण दूर करायची असेल तर तारखा आधी जाहीर करण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. लवकर कळलेली तारीख लवकर आकडा आणून देते.

विद्यापीठांच्या परिसरात फिरताना एक गोष्ट नेहमी दिसते. प्रवेशद्वारासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पांढऱ्या कागदावर लाल स्केचपेननं लिहिलेलं असतं: 'बी.कॉम. सेम ३ फॉर्म चालू, शेवटची तारीख अमुक, फोटो एक, मागची मार्कशीट आणा.' एका ओळीत कोण, काय, केव्हा, सोबत काय. मुलं विद्यापीठाच्या फलकाआधी तिथं जातात, कारण तिथलं वाचून समजतं. दुकानदाराचं पोट त्या कागदावर आहे म्हणून तो नीट लिहितो, हे खरं. पण मग ज्यांचा पगार या मुलांच्या शिक्षणासाठी निघतो त्यांनी त्याहून वाईट का लिहावं?

माझी मागणी फार मोठी नाही. जुलैमध्ये, प्रवेश घेतानाच, वर्षभराच्या अर्जांच्या, परीक्षांच्या आणि शिष्यवृत्तीच्या तारखांचा एक कागद प्रत्येक मुलाच्या हातात पडावा, मराठीत, दोन पानांचा. सूचना महाविद्यालयात जाहीर झाल्यापासून शेवटच्या तारखेपर्यंत किमान १५ दिवस असावेत, आणि जिथं ते नसतील तिथं विलंब शुल्क घेण्याचा अधिकार आपोआप संपावा. मुदत वाढवायचीच असेल तर ती संपण्याच्या तीन दिवस आधी सांगावी, संपल्यावर रात्री नव्हे. मुदतीच्या आठवडाभर आधी एक संदेश, दोन दिवस आधी दुसरा. आणि एवढं झाल्यावर ज्यानं अर्ज भरला नाही, त्याच्याकडून विलंब शुल्क खुशाल घ्यावं. तेव्हा त्याच्या बाजूनं मी एक शब्दही बोलणार नाही.

काटोलकडची ती मुलगी येऊन गेल्यानंतरच्या सत्रात मी आमच्या सूचना नोंदवहीत एक रकाना वाढवला होता. आधीचे रकाने विषय, जावक क्रमांक, दिनांक असे होते. नवा रकाना असा: फलकावर लावल्याची तारीख आणि वेळ, आणि त्याखाली ती वाचलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या सह्या. एक सही बाहेरगावाहून येणाऱ्या मुलाची किंवा मुलीची असावी, असा माझा आग्रह होता. सही मिळाली नाही तर सूचना लावली गेली असं आम्ही धरत नसू. शिपाई वर्गात जाऊन ती वाचून दाखवायचा. कुणाची परवानगी लागली नाही, खर्च आला नाही. पट्टी घेऊन मी पेन्सिलीनं त्या वहीत पानागणिक एक उभी रेघ मारली होती, तेवढंच.